युरोपात दोघांनीच गाडीने फिरायला निघताय? या चुका टाळा

म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, ल्युब्लियाना, व्हेनिस, फ्लॉरेन्स, व्हेरोना आणि परत म्युनिक. दोघांनी मिळून करायला ही फेरी फार छान आहे. चौदा रात्री, जवळपास दोन हजार किलोमीटर, चार देश. सुरुवात आणि शेवट एकाच शहरात असल्याने भाड्याची गाडी दुसऱ्या देशात सोडण्याचे जबर शुल्क लागत नाही. पण या फेरीत पैसे आणि मनस्ताप कुठे खर्ची पडतो ते पाहिले, तर बहुतेक वेळा कारण एकच निघते: शहरातही गाडीनेच फिरण्याचा हट्ट. गाडी दोन शहरांमधल्या वाटेसाठी घ्यायची असते. शहराच्या वेशीवर ती उभी करून ट्राम, मेट्रो आणि पाय वापरायचे. हे आधीच ठरवले तर खालच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

इटलीतले झेडटीएल

सर्वात महागात पडणारी चूक ही. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात रहिवासी आणि परवानाधारक सोडून इतरांच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते. त्या भागाला 'झोना आ त्राफिको लिमितातो', थोडक्यात झेडटीएल म्हणतात. फ्लॉरेन्स, व्हेरोना, पिसा, सिएना, बोलोन्या, रोम, सगळीकडे हे आहे. तिथे फाटक नसते, हवालदारही नसतो. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि वर एक कॅमेरा, एवढेच. शेजारच्या दिव्यांच्या फलकावर 'वार्को अत्तीवो' असेल तर बंदी चालू आहे, 'वार्को नोन अत्तीवो' असेल तर जाता येते. घाईत 'अत्तीवो' वाचून रस्ता चालू आहे असे समजणारे पुष्कळ असतात. इथे चालू असतो तो कॅमेरा.

मूळ दंड ८० युरोच्या पुढे असतो. शिवाय नंबरावरून चालकाची माहिती कळवल्याबद्दल गाडी देणारी कंपनी तुमच्या कार्डावरून वेगळी रक्कम कापते. प्रत्येक कॅमेऱ्याची नोंद वेगळी, म्हणजे हॉटेल शोधत दोन चकरा मारल्या तर दोन-तीन दंड होऊ शकतात. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला खुशाल त्या गल्लीत नेऊन सोडतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर बुकिंगनंतर लगेच त्यांना लिहून विचारा: आमच्या गाडीचा नंबर तुम्ही पालिकेकडे नोंदवाल का, कोणत्या रस्त्याने यायचे, सामान उतरवायला किती वेळ मिळेल. नंबर गाडी ताब्यात आल्यावरच कळतो, त्यामुळे तो त्याच दिवशी कळवायला विसरू नका.

फ्लॉरेन्ससाठी याहून सोपा उपाय आहे. ए१ महामार्गावरूनच थेट आत शिरता येईल असा व्हिला कोस्तान्झा नावाचा वाहनतळ आहे. तिथे गाडी लावायची आणि टी१ ट्राम धरायची. वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनापाशी असता, आणि झेडटीएलशी संबंधच येत नाही.

बाकीच्या शहरांत गाडी कुठे ठेवायची

व्हिएन्नात मार्च २०२२ पासून जवळजवळ सगळ्या शहरात रस्त्यावर गाडी लावण्यावर मर्यादा आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते रात्री १०, जास्तीत जास्त दोन तास, तेही पैसे भरून. तीन रात्रींच्या मुक्कामात दर दोन तासांनी गाडीपाशी कोण धावणार? ए२३ला लागून, यू३ मेट्रोच्या एर्डबर्ग स्टेशनावरचा पार्क अँड राइड, म्हणजे गाडी ठेवून मेट्रो धरायचा वाहनतळ, घ्या. ल्युब्लियानात डोल्गी मोस्टचा पार्क अँड राइड सोयीचा. व्हेनिसमध्ये गाडी पियात्साले रोमा किंवा त्रोंकेत्तोपर्यंतच जाते, त्यापुढे रस्ताच नाही. दोन्ही वाहनतळ महाग आहेत. मेस्त्रे स्टेशनाजवळ गाडी ठेवली तर तिथून आगगाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस गाठता येते.

रस्त्यावरच गाडी लावायची झाली तर इटलीत रंग पाहा: निळ्या रेषा म्हणजे पैसे भरा, पांढऱ्या म्हणजे बहुधा मोफत, पिवळ्या म्हणजे राखीव. जर्मनीत जिथे गाडी लावल्याची वेळ दाखवणारी निळी चकती काचेमागे ठेवायची असते तिथे काटा पोहोचल्याच्या वेळेवर नव्हे, पुढच्या अर्ध्या तासावर ठेवायचा. १०:१० ला पोहोचलात तर १०:३०. चकती बहुधा गाडीच्या दाराच्या कप्प्यात असतेच.

विनेट आणि टोल: चार देश, तीन पद्धती

आपल्याकडे फास्टॅगची सवय असते, म्हणून वाटते की गाडीवाल्यांनी सगळे लावून दिले असेल. तसे नसते. जर्मनीत मोटारीला टोल नाही. ऑस्ट्रियात महामार्गावर चढण्याआधी विनेट, म्हणजे ठरावीक मुदतीचा महामार्गाचा पास, हवे, तसेच स्लोव्हेनियातही. इटलीत अंतराप्रमाणे टोल.

इथे एक बारीक हिशेब चुकतो. वरच्या फेरीत पहिली रात्र म्युनिकला काढून तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात शिरता. तेव्हापासूनचे दहा दिवसांचे विनेट घेतले तर ते अकराव्या दिवशी संपते. परतताना ब्रेनर खिंडीतून ऑस्ट्रियात पुन्हा शिरता तो चौदावा दिवस. त्या दिवसासाठी वेगळे एक दिवसाचे विनेट लागेल. त्यात आणखी एक गुंता आहे: ब्रेनरपासून इन्सब्रुकपर्यंतच्या ए१३ रस्त्याला विनेट चालत नाही, तिथे स्वतंत्र टोल आहे. पुढे इन नदीच्या खोऱ्यातल्या ए१२ ला मात्र विनेट लागते. म्हणजे परतीच्या दिवशी दोन्ही खर्च धरा. ब्रेनरच्या रस्त्यावरच्या लुएग पुलाचे बांधकाम चालू आहे आणि २०२५ पासून तिथे बराच काळ एकेकाच मार्गिकेतून वाहतूक सोडतात. शनिवारी आणि सुट्टीच्या दिवसांत तिथून जाणे टाळा.

डिजिटल विनेट घेताना तीन गोष्टी तपासा: नंबरातली अक्षरे, नोंदणीचा देश (जर्मन गाडी असेल तर जर्मनी) आणि वैधता कधीपासून सुरू होते ती तारीख. स्लोव्हेनियात सर्वात कमी मुदतीचे विनेट सात दिवसांचे असते, एका रात्रीसाठी थांबलात तरी तेच घ्यावे लागते. तिथे विनेटशिवाय पकडले तर दंड ३०० युरोपासून पुढे.

इटलीत महामार्गावर चढताना यंत्रातून कागदी तिकीट घ्यायचे आणि उतरताना दाखवून पैसे द्यायचे. तिकीट हरवले तर सर्वात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लागतो, म्हणून ते शेजारी बसलेल्याने लगेच ठरलेल्या जागी ठेवावे. बाहेर पडताना पिवळ्या फलकाची 'तेलेपास' (इटलीचा फास्टॅग) मार्गिका चुकवा. निळ्या 'कार्ते' मार्गिकेत कार्ड चालते, पांढऱ्या फलकावर नोटा-नाण्यांचे चित्र असते. चुकून तेलेपासमध्ये शिरलात तर गाडी मागे घेऊ नका. मागे रांग असते आणि तिथे मागे जाणे धोक्याचे, शिवाय गुन्हाही. मदतीचे बटण दाबा, यंत्र एक पावती देईल. त्यावरची रक्कम मुदतीत ऑनलाइन भरता येते.

व्हिसाचा रात्रींचा हिशेब

शेंगेन व्हिसा, म्हणजे या चारही देशांत चालणारा एकच व्हिसा, जिथे सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, रात्री सारख्या असतील तर जिथून आधी शिरणार त्याच्याकडे. वरच्या फेरीत म्युनिकला आधी एक आणि शेवटी एक, साल्झबर्गला दोन, व्हिएन्नाला तीन, ल्युब्लियानाला एक, व्हेनिसला दोन, फ्लॉरेन्सला तीन, व्हेरोनाला एक. ऑस्ट्रियाच्या पाच, इटलीच्या सहा, म्हणून अर्ज इटलीकडे. व्हेरोनाऐवजी इन्सब्रुकला मुक्काम केला तर आकडे उलटतात आणि अर्ज ऑस्ट्रियाकडे जातो! म्हणून आधी मुक्काम पक्के करा, मग अर्ज भरा. दोघांच्या अर्जांत हॉटेलांची नावे आणि तारखा तंतोतंत जुळायला हव्यात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

गाडी घेताना

मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते. नवऱ्याचे कार्ड आणि बायको मुख्य चालक, किंवा उलट, असे असेल तर खिडकीवर गाडी नाकारली जाऊ शकते. डेबिट कार्डावर विसंबू नका. दोघेही चालवणार असाल तर दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालून घ्या. नाव नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो. दोघांकडेही आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो आरटीओकडून 'सारथी' या संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तो एकटा चालत नाही, मूळ परवाना सोबत लागतोच.

युरोपात साधी गाडी म्हणजे हाताने गिअर टाकायची. चालक डावीकडे, गिअर उजव्या हाताला. सवय नसेल तर ऑटोमॅटिक आधीच मागून घ्या, ऐनवेळी मिळत नाही. फोक्सवॅगन गोल्फच्या आकाराची डिकी सुमारे ३८० लिटरची असते. तीत दोन मोठ्या बॅगा कशाबशा बसतात, तिसरी मागच्या सीटवर जाते आणि चोराला दिसते. तिसरी बॅग नकोच. वाटेत मेल्कचा मठ पाहायला थांबायचे असेल तर सामान निघतानाच डिकीत बंद करा, वाहनतळावर पोहोचल्यावर सगळ्यांदेखत हलवू नका.

ज्या देशांत जाणार ते सगळे करारात लिहून घ्या. काही महागड्या ब्रँडच्या गाड्यांना इटलीत न्यायची परवानगी नसते. विम्यात तुमच्या वाट्याची रक्कम किती आणि काच, टायर, गाडीचा खालचा भाग त्यात येतो का हे विचारा. ताबा घेताना चारही चाकांच्या रिमा, पुढची काच आणि बंपरांचे कोपरे यांचा संथ व्हिडिओ काढा, त्यात इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दिसू द्या.

उजवीकडून चालवताना

रात्रीच्या विमानाने उतरल्या उतरल्या स्टिअरिंग हातात घेऊ नका. पहिली रात्र म्युनिकला आगगाडीने जाऊन झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. एका दिवसाचे भाडेही वाचते.

चूक बहुधा वर्दळीत होत नाही, मोकळ्या रस्त्यावर होते: सकाळी लवकर निघताना, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, रिकाम्या चौकात डावीकडे वळताना. तिथे पुढे कोणीच नसते, म्हणून हात जुन्या सवयीने डाव्या बाजूला जातो. प्रत्येक वळणाआधी शेजारी बसलेल्याने 'उजवीकडे रहा' एवढेच मोठ्याने म्हणावे. दुसरी खोड म्हणजे गाडी उजवीकडे सरकत जाणे, कारण चालक डावीकडे बसलेला असतो आणि उजव्या बाजूचा अंदाज येत नाही. उजव्या आरशाचे नुकसान बहुधा त्यातूनच होते. आपल्याकडच्या मारुती किंवा ह्युंदाईत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या हाताला. वळताना वायपर चालू झाले तर घाबरू नका, पहिल्या दिवशी असे होतेच.

चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. पांढऱ्या कडेच्या पिवळ्या, तिरक्या चौकोनी पाटीचा रस्ता असेल तर प्राधान्य तुमचे. गोल चौकात वाहतूक घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि आत असलेल्याचा हक्क पहिला. महामार्गावर डावी मार्गिका फक्त ओलांडण्यासाठी. जर्मनी-ऑस्ट्रियात वाहतूक खोळंबली की रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवावी लागते: सर्वात डावीकडच्या मार्गिकेतल्यांनी डावीकडे, बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकायचे. गाडी पूर्ण थांबण्याआधीच हे करायचे असते.

इंधनाचे नाव फसवते. इटलीत 'गासोलिओ' म्हणजे डिझेल, 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल. नळीवरचा शिक्का पाहणे सर्वात खात्रीचे: पेट्रोलचा गोल, ई५ किंवा ई१०, डिझेलचा चौकोनी, बी७. चुकीचे भरले गेले तर इंजिन सुरूच करू नका, मदतीच्या नंबरावर फोन करा.

वेळापत्रक

व्हिएन्ना ते ल्युब्लियाना सुमारे ३८० किलोमीटर, नकाशावर चार तास. प्रत्यक्षात थांबे धरून साडेपाच तास माना आणि त्या दिवशी संग्रहालय ठेवू नका. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद, त्यामुळे शनिवारी पाणी आणि खाऊ भरून घ्या. फ्लॉरेन्सची उफीझी आणि अकादेमिया ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. निघायचा वार निवडताना हे पाहा: शनिवारी म्युनिकला उतरलात तर फ्लॉरेन्सला सोमवारी पोहोचता, आणि मंगळवार-बुधवार हाती राहतात. गुरुवारी उतरलात तर मधला रविवार-सोमवार तिथे पडतो. त्यात रविवार महिन्याचा पहिला असेल तर सरकारी संग्रहालये मोफत असतात आणि रांगा भयंकर. वेळेची तिकिटे आधीच काढा.

फक्त महामार्गच धरला तर गाडी घेतल्याचा आनंद उरत नाही. मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबकाठचा पस्तीसेक किलोमीटरचा वाखाऊ पट्टा आणि ल्युब्लियानापासून ५५ किलोमीटरवरचा ब्लेड तलाव यांसाठी अर्धा अर्धा दिवस राखून ठेवा.

गाडी परत करताना टाकी पूर्ण भरून पावती घ्या, पुन्हा तसाच व्हिडिओ काढा आणि करार, पार्किंगच्या पावत्या, विनेटचे ईमेल वर्षभर जपून ठेवा. इटलीतून परदेशी चालकाला दंडाची नोटीस वर्षभराने आली तरी ती वैध असू शकते, आणि तेव्हा तुमची बाजू मांडायला ही कागदपत्रेच कामी येतात.