टॅक्सीचालकांवर माहितीपट करताय? कॅमेऱ्याआधी हिशेब मांडा

विद्यार्थ्यांनी टॅक्सीचालकांवर केलेले बरेचसे माहितीपट एकाच साच्यातले निघतात. काचेवरून ओघळणारा पाऊस, रात्रीचे दिवे, आरशात दिसणारे डोळे आणि आयुष्याबद्दल दोन शहाणपणाची वाक्यं बोलणारा चालक. संशोधनात ‘टॅक्सीवाल्यांचं जीवन’ यापलीकडे काही शोधलेलंच नसतं, म्हणून असं होतं. या विषयातला पहिला खरा धागा पैशाचा आहे. गाडी कोणाची, परवाना कोणाच्या नावावर, दिवसाच्या गल्ल्यातून कोणाला किती जातं आणि हातात काय उरतं? एवढं कळलं की कोणाला, कधी आणि किती वेळ चित्रित करायचं हेही बरंचसं ठरून जातं.

मालकाला रोज ठरलेली रक्कम देऊन गाडी चालवणारा माणूस शिफ्टचे पहिले काही तास मालकासाठीच राबत असतो. ती रक्कम सुटेपर्यंत त्याच्याकडे मुलाखत मागू नका. तो नाही म्हणेल, किंवा हो म्हणून घड्याळाकडे बघत उत्तरं देईल. कर्जावर स्वतःची गाडी घेतलेल्याला हप्त्याची तारीख जवळ आली की वेळ नसतो. अॅपवर चालवणाऱ्यांना अनेकदा ठरावीक फेऱ्या पूर्ण केल्यावर बोनस मिळतो, त्यामुळे मुदत संपत आली की त्यांचीही घाई सुरू होते. तुमचं शूटिंगचं वेळापत्रक कॉलेजच्या तासिकांपेक्षा या गणितावर बसवावं लागतं.

वाचनाची सुरुवात नियमांपासून करा: परवाना कोण देतं, भाडं कोण ठरवतं, गाडी किती वर्षांनी बाद होते, दिवसात किती तास चालवण्याची मुभा आहे. कागद रुक्ष असतात, पण नाट्य बऱ्याचदा तिथेच दडलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये 1937 च्या कायद्याने परवान्यांची संख्या मर्यादित झाली. या परवान्यांना तिथे मेडॅलियन म्हणतात. 2014 च्या सुमारास एकेका मेडॅलियनचा भाव 10 लाख डॉलरच्या वर गेला, मग अॅप-टॅक्सींच्या लाटेत तो कोसळला आणि कर्ज काढून परवाना घेतलेले चालक अडकले. लंडनमध्ये गोष्ट स्मरणशक्तीची आहे. तिथल्या ‘नॉलेज’ परीक्षेसाठी मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून 6 मैलांच्या त्रिज्येतले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या स्कॅनवरच्या अभ्यासात या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या स्मरणशक्तीशी संबंधित भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आढळला. तुम्ही जिथे शूट करणार तिथली गोष्ट कुठल्या कागदात अडकली आहे, हे शोधल्याशिवाय स्टँडवर जाऊ नका.

स्टँडवर पहिल्या काही खेपा कॅमेऱ्याशिवाय. रांगेतल्या पहिल्या दोन-तीन चालकांशी बोलायला जाऊ नये, त्यांचं भाडं कधीही येऊ शकतं. रांगेच्या शेपटाकडे जा. शिफ्ट बदलण्याची वेळ आणि दुपारचा मंद वेळ सगळ्यात चांगले. प्रत्येक भेटीनंतर लगेच एका पानावर टिपा: गाडीची मालकी, शिफ्ट, रोजचा खर्च, भाषा, आवाज स्पष्ट आहे का, घरचे किंवा मालक आड येतील का. चालकांव्यतिरिक्त मेकॅनिक, गाडीमालक, संघटनेचे पदाधिकारी, वाहतूक पोलीस यांच्याशीही बोला. चालक जे गृहीत धरून सांगत नाहीत ते हे लोक सांगतात. आकडे मात्र किमान तीन चालकांकडून पडताळा. कमाई विचारली की कोणी कमी सांगतं, कोणी जास्त. ‘महिन्याला किती सुटतात?’ या प्रश्नाऐवजी ‘काल इंधनाला किती गेले, मालकाला किती दिले?’ असं विचारलं तर उत्तर खऱ्याच्या जवळ येतं.

दहाएक जणांशी गप्पा, त्यातले तीन निवडक, त्यातून एक मुख्य आणि एक राखीव, असं निवडीचं प्रमाण ठेवा. राखीव हवाच, कारण चालक गाडी बदलतात, शिफ्ट बदलतात, गावी जातात, फोन उचलणं बंद करतात. सगळ्यात मोठा मोह बोलघेवड्या माणसाचा असतो. तो पहिल्या भेटीत भारावून टाकतो आणि एडिटच्या वेळी लक्षात येतं की त्याच्याकडे मतं आहेत, घटना नाहीत. शूटिंगच्या काळात ज्याच्या आयुष्यात काहीतरी ठरणार आहे असा माणूस शोधा: परवान्याचं नूतनीकरण, कर्जाचा शेवटचा हप्ता, जुनी गाडी भंगारात जाणं. अबोल असला तरी चालेल.

संमतीपत्र एकट्या चालकाचं पुरत नाही. गाडी मालकाची असेल तर मालकाचंही लागतं. विमानतळ, रेल्वे स्थानक, पेट्रोल पंप अशा जागांची लेखी परवानगी वेगळी. अॅप चालू असलेल्या फोनचा पडदा चित्रात आला तर प्रवाशाचं नाव आणि पत्ता दिसतो. डॅशबोर्डवरचं ओळखपत्र, मुलांचे फोटो, नंबरप्लेट यांचंही तेच. अनोळखी प्रवाशाला गाडीत बसल्यावर विचारणं अवघड जातं. तो आधीच घाईत असतो आणि चालकाला भाडं गमवायची भीती असते. त्यापेक्षा ओळखीच्या दोघा-तिघांना प्रवासी म्हणून बसवा, रीतसर भाडं द्या आणि हे सगळं घडवून आणलं आहे हे मार्गदर्शकांपासून लपवू नका.

पैशाचा प्रश्न आधीच मिटवा. गोष्ट सांगण्याचे पैसे देऊ नयेत, पण बुडालेल्या वेळेचे द्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोपा मार्ग म्हणजे गाडी भाड्याने घ्या आणि मीटर चालू ठेवा. रक्कम दोघांनाही दिसते, नंतर कुरबुर होत नाही, आणि बजेटमध्ये लिहायला नेमका आकडा मिळतो.

चालत्या गाडीत मुलाखत घेताना अवघड प्रश्न विचारू नका. भावनिक उत्तर देणाऱ्या माणसाचं रस्त्यावरचं लक्ष उडतं. चालवताना फक्त हलकी, समोर दिसणाऱ्या गोष्टींवरची बोलणी. कर्ज, आजारपण, अपघात हे विषय गाडी उभी असताना. चालकाच्या डोळ्यांवर दिवा नको, आरसा झाकेल असा रिग (कॅमेरा बसवायचा सांगाडा) नको, एअरबॅग जिथून उघडते त्या भागावर कॅमेरा अजिबात नको. व्हॅक्यूमचा माउंट, म्हणजे काचेला चिकटणारा कॅमेऱ्याचा आधार, काच नीट पुसून लावा आणि त्याला दोरीचा आधार द्या, कारण उन्हात त्याची पकड सुटते. गाडीत युनिटचे दोघेच पुरेत, आणि दोघांनीही बेल्ट लावायचा.

फसतो तो आवाज. कॉलर माईक बेल्टच्या पट्ट्याखाली आला की प्रत्येक वळणावर खरखर ऐकू येते. पट्टा दाराकडच्या खांद्यावरून तिरका येतो, म्हणून माईक दुसऱ्या बाजूच्या कॉलरवर लावा. रेडिओ बंद करायला सांगाच. मागे गाणं वाजत असेल तर मधलं वाक्य कापता येत नाही, आणि गाण्याच्या हक्कांचं लचांड वेगळंच. एसी बंद, काचा वर, असं सलग दहा मिनिटांहून जास्त कोणाला बसवू नका. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेवा. त्याच गाडीचा निव्वळ आवाजही प्रत्येकी एक मिनिट घ्या: इंजिन उभ्याने चालू असताना, गाडी धावताना, काचा उघड्या असताना. हे नसलं तर एडिटमध्ये दोन वाक्यांमधली फट बुजवता येत नाही.

चित्रातली अडचण उजेडाची. बाहेर लख्ख, आत काळोख. चेहऱ्यावर एक्स्पोजर ठेवा, खिडकी पांढरी पडली तर पडू द्या, आणि शक्यतो सकाळ-संध्याकाळ निवडा. समोरच्या काचेतून आत शूट करायचं असेल तर काचेवरचं प्रतिबिंब कमी करणारा पोलरायझर फिल्टर लागेल. वीज 50 हर्ट्झची असेल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा, म्हणजे दिव्यांचा लुकलुकाट कमी होतो. एलईडी पाट्या तरीही त्रास देऊ शकतात, म्हणून आधी चाचणी घ्या. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो. साठवणुकीचं गणितही कागदावर करा. 100 मेगाबिट प्रति सेकंदाने तासाला 45 जीबी भरतात, म्हणजे दोन कॅमेरे तीन तास चालले तर 270 जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

दहा मिनिटांच्या फिल्मसाठी साधारण दहा आठवडे धरा: तीन संशोधनाला, एक कागदपत्रं आणि चाचणी शूटला, दोन चित्रीकरणाला, चार एडिटला. एडिटला चार आठवडे ऐकून मुलं हसतात, पण एका तासाच्या मुलाखतीचं शब्दांकन करायलाच चार-पाच तास जातात. फिल्ममधल्या एका मिनिटामागे वीस मिनिटं चित्रीकरण, असं वीसास एक हे प्रमाण धरलं तर 200 मिनिटांचं फुटेज पुरे. त्यातला मोठा वाटा वाट पाहण्याचा असू द्या. रिकामी गाडी, रांगेत एकेक जागा पुढे सरकणं, फडक्याने बोनेट पुसणं, मीटरकडे नजर. टॅक्सीच्या धंद्यात वाट पाहणं हेच अर्धं काम असतं, आणि विद्यार्थी तेच कंटाळवाणं समजून कॅमेरा बंद करतात.

अंतिम कट करण्याआधी कच्ची प्रत चालकाला दाखवा, त्याच्या शिफ्टनंतर आणि शक्यतो हेडफोन लावून. आकडे, जागांची नावं, मालकाबद्दलची विधानं यांत चूक असेल तर ती तोच पकडतो. कोणतं वाक्य काढायचा हक्क त्याला आहे आणि कोणता निर्णय तुमचा, हे संमतीपत्रातच लिहिलेलं असावं. नाहीतर सादरीकरणाच्या आदल्या रात्री मालकाचा फोन येतो आणि फिल्ममधली सगळ्यात चांगली तीन मिनिटं काढावी लागतात.