आकडे की आवड : गोव्याच्या रस्त्यांसाठी परफॉर्मन्स कार कशी निवडावी

परफॉर्मन्स कार घेऊ पाहणाऱ्याची नजर माहितीपत्रकात सर्वप्रथम अश्वशक्तीवर आणि शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्याच्या वेळेवर जाते, आणि गोव्यात राहणाऱ्याला नेमक्या याच दोन आकड्यांचा उपयोग सर्वांत कमी होतो. म्हापशाहून डिचोलीला किंवा मडगावहून काणकोणला नियमित जाणारा चालक बहुतेक वेळ ताशी ४० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान असतो. करमल घाटात पुढच्या ट्रकला ओलांडण्याची संधी मिळते तीही अशाच वेगात आणि थोड्याच अंतरासाठी. त्यामुळे या टप्प्यात गाडी कशी वागते, हा निवडीचा पहिला प्रश्न असावा.

त्यासाठी कमाल शक्तीपेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाचे फिरवण्याचे बळ, आणि तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो, ते पाहावे. ह्युंदाई व्हर्नाची २०२३ ची आवृत्ती याचे सोयीचे उदाहरण आहे, कारण तिच्यात दीड लिटरच्या दोन पेट्रोल इंजिनांचे पर्याय दिले गेले. साधे इंजिन ६३०० फेऱ्यांवर ११५ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) आणि ४५०० फेऱ्यांवर सुमारे १४४ न्यूटन-मीटर टॉर्क देते, तर हवा दाबून भरणारे टर्बो इंजिन ५५०० फेऱ्यांवर १६० पीएस आणि १५०० ते ३५०० फेऱ्यांमध्ये २५३ न्यूटन-मीटर देते. कागदावर हा फरक ४५ पीएसचा, म्हणजे साधारण ४० टक्क्यांचा दिसतो. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागल्यास किलोवॅटमधील शक्ती मिळते; हे गणित २००० फेऱ्यांसाठी केले, तर टर्बोचे उत्तर सुमारे ५३ किलोवॅट म्हणजे ७२ पीएस येते, आणि साध्या इंजिनाने त्या फेऱ्यांवर आपला कमाल टॉर्क दिला असे उदारपणे गृहीत धरले, तरी ते ४१ पीएसच्या पुढे जात नाही. चढणीवर गिअर न बदलता गाडी पुढे सरकते की धापा टाकते, ते या फरकावर ठरते. कोणत्याही दोन गाड्यांची तुलना करताना हे दोन मिनिटांचे गणित अवश्य करावे. विक्रेता ते आपणहून करून दाखवत नाही.

दुसरा आकडा थांबण्याचा, आणि तो माहितीपत्रकात क्वचितच छापलेला असतो. ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना टायर व कोरडा रस्ता यांमधील घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.९ धरला, तर सुमारे ४४ मीटर लागतात. पावसात तो ०.५ वर आला, की तेच अंतर ७९ मीटरच्या आसपास जाते, आणि यात चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ धरलेलाच नाही. चार महिने पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात म्हणूनच टायरचा दर्जा इंजिनाइतक्याच गांभीर्याने तपासावा. जमिनीपासूनची उंची मात्र आकड्यावरून ठरवू नये. आपल्या वाड्यावरचा गतिरोधक आणि घराच्या फाटकातला उतार गाडी खाली न घासता पार करते का, ते प्रत्यक्ष पाहावे.

आता आवडीविषयी. मन ओढले जाते ते दोन वेगळ्या कारणांनी, आणि ती निराळी करून पाहावीत. पहिली ओढ रंग, बोधचिन्ह, शोरूममधली प्रकाशयोजना यांची, आणि ती फसवी असू शकते; एवढेच काय, आवाजसुद्धा फसवा असू शकतो. बीएमडब्ल्यूने एम५ सारख्या ताकदवान गाडीतही इंजिनाचा आवाज स्पीकरमधून पुरवला होता. दुसरी ओढ स्टीअरिंगचे वजन, गिअरच्या दांड्याची पकड, ब्रेकच्या पेडलची भावना आणि वळणात गाडीने दिलेली सूचना यांतून येते, आणि ती मुळात तांत्रिकच असते, फक्त तक्त्यात उतरत नाही. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा जीटी८६ या स्पोर्ट्स कारला मुद्दाम कमी पकडीचे, इंधन वाचवणाऱ्या प्रकारचे टायर दिले गेले, जेणेकरून मध्यम वेगातही चालकाला गाडीचा तोल हाताळण्याचा आनंद मिळावा. आकड्यांच्या दृष्टीने तो तोटाच होता, तरीही ती गाडी चालवण्यातील आनंदासाठीच नावाजली गेली. ती भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, ही हळहळ आहेच.

चाचणीची फेरी शोरूमने ठरवलेल्या सरळ रस्त्यावर घेऊन समाधान मानू नये. दुपारच्या उन्हात, वातानुकूलन सुरू ठेवून आणि गाणी बंद करून, पर्वरीच्या कोंडीतून निघावे व नंतर एखाद्या चढणीवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवरून अर्धा ॲक्सिलरेटर द्यावा. प्रतिसाद येण्यास लागणारा विलंब लक्षात ठेवावा. मागच्या आसनावर घरच्यांना बसवावे, कारण कडक सस्पेन्शनचा पहिला निकाल तिथूनच येतो. आठवड्याने तीच फेरी पुन्हा मागावी. पहिल्या दिवशीची भुरळ ओसरल्यावरही ज्या गाडीचे स्टीअरिंग हातात धरावेसे वाटते, तिच्या बाजूने मनाचा कौल खरा मानावा.

दोन गाड्या उरल्या आणि मनाला भावलेली गाडी शून्य ते शंभरमध्ये अर्ध्या सेकंदाने मागे असली, तर तो अर्धा सेकंद खुशाल सोडून द्यावा. मात्र तिचे ब्रेक मऊ लागत असतील, पावसाळी टायर त्या मापात सहज मिळत नसतील किंवा तिचे सेवा केंद्र बेळगाव वा कोल्हापूर गाठल्याशिवाय सापडत नसेल, तर ती कितीही आवडली तरी दुसरीच गाडी घ्यावी.