गवताच्या पानातली माशी अशी शोधा

खानापूर साईडला पावसानं उघडीप दिली की बांधावरचं गवत बघा, पानावर पांढुरकी लांब पट्टी दिसली तर आत नागअळी (पान आतून पोखरणारी माशीची अळी) असू शकते, टोमॅटोच्या पानावर येते तशी वेडीवाकडी रेघ इथं सहसा नसते, गवताच्या शिरा सरळ म्हणून अळीपण सरळच पोखरत जाते. पान उजेडासमोर धरा की, अळी आणि तिची काळी विष्ठा दिसते. मग पान बाटलीत टाका, सोबत जरा ओला टिश्यू (लई ओला नको, बुरशी येते, माझ्या दोन बाटल्या तशाच वाया गेल्या), तोंडाला फडकं बांधा. काही जातींचा कोष पानातच असतो, वाळलं म्हणून फेकू नका. २-३ मिमीची माशी निघेल, नाहीतर अळीवर जगणारी बारकी गांधीलमाशी, तीपण ठेवा.