मुनीमजीचं डेस्क: लाकूड जुनं की डेस्क जुनं?

जुनं डेस्क घेताना ते आधी उपडं करा. पितळी फुलं, कोरीव पट्टी, झाकणावरचा पुसट 'श्री' हे सगळं विकणारा तुम्हाला दाखवतोच. तळ आणि आतले कोपरे तो आपणहून दाखवत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

खानदेशात हाती लागणारी लिहायची जुनी मेजं मुख्यतः दोन जातींची. एक पेढीवरचं बैठं डेस्क: अमळनेर, चोपडा, पारोळा, धुळ्याकडच्या कापूस-धान्याच्या पेढ्यांवर मुनीमजी गादीवर मांडी घालून ज्यावर रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायचे ते, उतरत्या झाकणाचं. दुसरं कचेरी-रेल्वेकडचं चार पायांचं खणांचं टेबल, जे भुसावळच्या बाजूला जास्त दिसतं. लाकूड बहुधा सागवान, क्वचित शिसवी. आतल्या कोऱ्या भागावर बोट घासलं की सागाचा तेलकटपणा आणि चामड्यासारखा वास कळतो. यात कोणी फारसं फसत नाही.

फसतात ते वय ठरवताना. मीही फसलो.

धाब्याची घरं पाडून स्लॅब पडतायत, त्यातले सरे, तुळया, दारांच्या फळ्या बाजारात येतात. त्यावर रंधा मारून कोणीही महिन्याभरात 'शंभर वर्षांचं' डेस्क बनवतो. माझं पहिलं डेस्क असंच होतं. साडेसहा हजार मोजले आणि आठ दिवस पाहुण्यांना दाखवत फिरलो. मग आमच्या मिस्तरी आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, आतल्या कोपऱ्यात नख घातलं आणि म्हणाले, "भाऊ, लाकूड जुनं शे, पन डेस्क नवं शे." नखाखाली रबरासारखा अर्धपारदर्शक पापुद्रा आला होता. फेविकॉल. ते बाजारात आलं १९५९ साली. त्याआधीचा सुतार सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक, वापरायचा. तो तपकिरी असतो आणि वाळल्यावर काचेसारखा टिचकतो. एखाद्याच सांध्यात फेविकॉल दिसलं तर ती डागडुजी समजा. चारही कोपऱ्यांत दिसलं तर नमस्कार करून उठा.

दुसरी खूण भोकांची. डेस्कात ज्या भोकाला काही काम नाही ते भोक कुठून आलं, हे विचारायला शिका. कडेच्या फळीत मध्येच लांबी (पुट्टी) भरलेली चौकोनी खाच असेल तर ती फळी पूर्वी चौकट होती आणि त्या खाचेत कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं पुढे काढलेलं टोक, बसत होतं. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला लागते. कीड आत बोगदा करते आणि बाहेर फक्त बारीक गोल भोक दिसतं. फळीच्या पृष्ठभागावर उघडी, अर्धी कापलेली नाळ दिसली तर कीड आधी आली आणि करवत नंतर. माझ्या डेस्काच्या झाकणाखाली अशा तीन नाळा होत्या. मी त्यांना जुनेपणाची शोभा समजत होतो!

तिसरी खूण पितळेखाली. मालकाला विचारून कोयंड्याची किंवा बिजागरीची एक पट्टी सोडवा. खाली पट्टीच्याच आकाराचा वेगळ्या रंगाचा ठसा हवा आणि स्क्रूची भोकं त्यातच हवीत. ठसा नाही म्हणजे पट्टी काल बसली. ठसा दुसऱ्याच आकाराचा असेल तर डेस्क जुनं असू शकतं, पण पितळ बदललेलं आहे, आणि ते भावातून वजा होतं. स्क्रू हातात आहेच तर बघून घ्या: टोकदार स्क्रू यंत्रावर बनू लागले १८५० च्या आसपास, फुलीच्या खाचेचा स्क्रू आला १९३० च्या दशकात. बोथट टोकाचा, खाच जरा बाजूला गेलेला स्क्रू मिळाला तर जपून परत लावा.

एक सल्ला मात्र डोक्यातून काढून टाका. इंग्रजी पुस्तकं वाचून सांगतात की खणाचे डव्हटेल सांधे (पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे) हाताने कापलेले, वेडेवाकडे असले की डेस्क १८८० च्या आधीचं. विलायतेत असेल तसं. इथला सुतार आजही पटाशी घेऊन तेच सांधे कापतो. लोहाराने घडवलेल्या खिळ्याचंही तेच. आपल्याकडे तो फार उशिरापर्यंत चालला. या दोन गोष्टींवर वय सांगणाऱ्याला दुसरं काही येत नाही असं समजायला हरकत नाही.

झीज बघताना मुनीमजींच्या जागी मांडी घालून बसा. झाकणाची खालची कड, जिथे बोटं घालून ते उचलायचं, ती मध्यावर गोल झालेली हवी. टाक-दौतीच्या कप्प्यात शाई लाकडात मुरलेली हवी. आणि कुंकू बघाच. दर दिवाळीला वहीपूजन व्हायचं, तेव्हा डेस्कालाही बोट लागायचं. ते कुंकू कोयंड्याच्या कडेला आणि किल्लीच्या भोकात तेलमातीसकट थरांनी बसतं आणि काळपट पडतं. ओल्या बोटाला लालभडक लागलं तर ते विकणाऱ्याने लावलंय.

कागद सापडले तर काम सोपं. 'पूर्व खानदेश' छापलं असेल तर कागद १९०६ नंतरचा, कारण जिल्ह्याचे दोन भाग त्या वर्षी झाले. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. टेबलावर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा छाप म्हणजे १९५१ च्या आधीचं, त्या वर्षी मध्य रेल्वे झाली. पण खणात पसरलेलं वर्तमानपत्र म्हणजे डेस्काचा जन्मदाखला नव्हे. कोणीही कधीही रद्दी अंथरतो.

आता किंमत. तळाचा भाव लाकडाचा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, पाऊण इंची फळीच्या बैठ्या डेस्कात पाऊण घनफूटही साग भरत नाही. जवळच्या वखारीत जुन्या सागाचा घनफुटाचा भाव विचारा, हिशोब करा. याच्या खाली विकू नका. त्यावर जे चढतं ते वयापेक्षा पूर्णपणाने चढतं: मूळ कुलूप किल्लीसकट, न फाटलेलं झाकण, चालणारा चोरकप्पा, पेढीचं नाव असलेली एखादी वही. ऑनलाइन मागितलेले आकडे भाव म्हणून धरू नका. विकलं कितीला गेलं ते दोन-तीन जणांकडून काढा. दुकानदार ज्या भावाने विकतो त्या भावाने घेत नाही, हेही लक्षात ठेवून बोला.

विकायच्या आधी पॉलिश करू नका. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून बघा, चिकट झालं तर चपडी, म्हणजे लाखेचं जुनं पॉलिश, आहे. तेवढं पुरे, कोरड्या फडक्याने पुसा आणि थांबा. घासून मेलामाइनचं नवं पॉलिश मारलेली दोन चांगली डेस्कं मी स्वतः अर्ध्या भावात घेतली आहेत. आणि परदेशातल्या नातेवाइकाला पाठवायचा विचार असेल तर आधी नीट चौकशी करा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू येते, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.