जीपचं इंजिन उतरवण्याआधी

जीपचं इंजिन बदलायचं ठरलं की पहिलं काम पंचांग बघण्याचं. आमची जीप बागेची आहे, महिंद्राची एमएम ५४०, सड्यावरच्या कलमांतून हापूसच्या पेट्या खाली आणणारी. आम्ही चैत्रात काम काढलं. आंबा उतरायला लागला तेव्हा जुनं इंजिन पडवीत, नवं कप्पीला टांगलेलं आणि पेट्या गड्यांच्या डोक्यावरून खाली येत होत्या. म्हणून सांगतो, दसऱ्याला पाऊस ओसरला की काम काढा आणि पौष संपायच्या आत गाडी चालती करा. गणपतीआधीचे पंधरा दिवस तर धरूच नका. मिस्त्री, लेथवाला, वेल्डर, कोणी जागेवर सापडत नाही.

मग कागद. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ एकदा वाचून घ्या. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीबुकातला तपशील जुळेनासा होईल असा बदल ते करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. आमचं काम त्याआधीचं. जुनं २११२ सीसीचं प्यूजो काढून आम्ही बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय बसवलं. आज मी तसं करणार नाही. त्याच बनावटीचं, त्याच इंधनाचं, तेवढ्याच क्षमतेचं इंजिन शोधेन आणि पैसे मोजायच्या आधी आरटीओत अर्ज करून परवानगी हातात घेईन. विकणाऱ्याकडून पावती आणि इंजिन ज्या गाडीचं आहे तिचे कागद घ्या. इंजिन नंबर बदलला की विम्यावरही तो बदलून घ्यायचा, हे बहुतेक जण विसरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मापं जुनं इंजिन गाडीत असतानाच घ्या. एकदा ते बाहेर आलं की बॉनेटखाली नुसता खड्डा उरतो आणि त्यात कुठलंही इंजिन मावेल असं वाटायला लागतं. पंखा आणि रेडिएटरमधलं अंतर, गिअरच्या दांड्याची जागा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दोन्ही प्रोपेलर शाफ्टची क्रॉसपासून क्रॉसपर्यंतची (म्हणजे टोकाच्या सांध्यापासून सांध्यापर्यंतची) लांबी वहीत लिहा. इंजिन-गिअरबॉक्स इंचभर मागे सरकलं तर मागचा शाफ्ट तेवढा आखूड करावा लागतो आणि पुढचा लांब. दोन्हीचं बॅलन्सिंग आलंच. हे सगळं मोजूनही आमचं चुकलं, कारण आम्ही गाडी सपाट अंगणात उभी करून मोजली. पहिल्याच फेरीला वहाळात, म्हणजे ओढ्यात, उतरताना खालून खणकन आवाज आला. घरी येऊन बघतो तर इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरला अंगठ्याएवढा पोचा. पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले की हाउसिंग, म्हणजे चाकांमधला आडवा अ‍ॅक्सल, वर येतं आणि चेंबरला जाऊन भिडतं, हे उभ्या गाडीत दिसत नाही. इंजिन वर घ्यायला फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराच्या, पट्ट्या कापून पुन्हा वेल्ड केल्या. मग पंखा वर गेला, जॉइंटचा कोन बदलला, सगळं पुन्हा. तुम्ही फाउंडेशन नुसतं टाके मारून धरा, पुढची चाकं आळीपाळीने जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवा, पाटा पूर्ण दबू द्या आणि खाली आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात बघा. दोन बोटं तरी फट हवी. पक्कं वेल्डिंग त्यानंतर.

इंजिन बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि सुरू करायच्या आधी त्याला हात लावा. कोमट लागलं तर कोणीतरी आधीच फिरवून ठेवलंय. थंड इंजिन स्वतःसमोर सुरू करायला लावा, ऑइलचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर फेकत असेल, म्हणजे मिस्त्री म्हणतात तसं बॅक मारत असेल, तर चहा घेऊन परत या. बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, सेल्फ, अल्टरनेटर, डिझेल पंप, सगळे पाइप, वायरिंग, सगळं त्याच इंजिनाबरोबर घ्या. दोनेक हजार वाचवायला मागे सोडलेली वस्तू शोधायला दहा फेऱ्या होतात. फ्लायव्हीलच्या मधोमध बसणाऱ्या पायलट बेअरिंगचं आतलं माप आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक कॅलिपरने जुळवून बघा. लेथचं काम निघालंच तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जावं, तिथे हात बसलेली माणसं आहेत. ब्रेकला बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंप विसरू नका. तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर असतो, त्याला इंजिनाचं ऑइल लागतं आणि ऑइल परत नेणारी नळी कुठेही मुरडता कामा नये.

इंजिन टांगायला आंब्याची फांदी वापरू नका, कितीही जाड दिसली तरी. ही वस्तू दोनशे किलोच्या वर जाते. लोखंडी पाइपांची तिकाटी भाड्याने मिळते.

वायरिंगबद्दल एकच सांगतो, पण ते जीव तोडून सांगतो. आम्ही पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन कण्हल्यासारखं अर्धा फेरा फिरलं आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून धूर आला. केबलचं प्लॅस्टिक वितळून माझ्या बोटाला चिकटलं. कारण साधं होतं. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं, चेसीपासून तुटलेलं, आणि इंजिन ते चेसी अर्थिंगची जाड पट्टी लावायची राहून गेलेली. सेल्फचा सगळा करंट जी वाट सापडली त्या वाटेने गेला. पट्टी जाड घ्या, चेसीवरचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. आपल्या खाऱ्या वाऱ्यात उघडा लग (पट्टीच्या टोकाचं कडं) एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

डिझेलची टाकी उतरवून धुवा. जुन्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज असतोच आणि तो नव्या पंपाला पहिल्या तासात खातो. डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढताना क्रम ठेवा: आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे नट. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत घाई नको.

पऱ्या-वहाळातून जाणारी गाडी असेल तर हवा घेण्याचं तोंड उंच न्या. डिझेल इंजिनात पाणी ओढलं गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गिअरबॉक्स आणि दोन्ही हाउसिंगचे ब्रीदरही (हवा जा-ये करायची भोकं) नळी जोडून वर घ्या, नाहीतर गरम हाउसिंग पाण्यात थंड झालं की आत पाणी ओढतं. चाचणीला किनाऱ्यावर मात्र नेऊ नका. खारं पाणी चेसीच्या पोकळीत शिरलं की धुवूनही निघत नाही. शिवाय वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, आणि टायरखाली घरटं आलं तर आपल्याला कळणारही नाही.

चाचणी घाटातच घ्या. आधी रिकामी गाडी, मग पेट्यांत चिरे भरून पूर्ण वजनाने, दुपारी, दुसऱ्या गिअरमध्ये. तापमानाचा काटा चढत राहिला तर पंख्याभोवतीचं कव्हर बघा; ते नसेल किंवा पंखा रेडिएटरपासून फार लांब असेल तर रेडिएटर कितीही मोठा असो, उपयोग नाही. शे-दोनशे किलोमीटर झाले की ऑइल बदला, फाउंडेशनचे आणि शाफ्टचे सगळे नट पुन्हा आवळा, आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे सैल झालेला नुसत्या नजरेने कळतो.