जुना डेस्कटॉप कमी पैशांत वेगवान करताना या चुका टाळा

आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप सुरू व्हायला चार मिनिटं घेतो, ब्राउझर उघडताना अडकतो, आणि मग कुणीतरी सांगतं, "रॅम वाढव." रॅम येते, पैसे जातात, मशीन आहे तिथंच. ओळखीच्यांची जुनी मशीन्स उघडताना मी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता पहिला प्रश्न एकच विचारतो: अडतंय नेमकं कुठं, ते पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पैसे मोजके असतील तर ही चूक सगळ्यांत महागात पडते.

न मोजता खरेदी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातलं परफॉर्मन्सचं पान समोर ठेवून रोजचं काम दहा मिनिटं करा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल, तर अडथळा हार्ड डिस्कचा आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या पुढं गेलेली असेल, तर रॅम कमी पडतेय. हे दोन आकडे मात्र एकत्रच वाचा. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, आणि मग डिस्कही दमलेली दिसते.

प्रोसेसर १०० टक्क्यांवर दिसला तरी लगेच नवा शोधू नका. हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) धूळ दाटली असेल किंवा या दोघांमधला लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, वाळली असेल, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. साफसफाई आणि नवी पेस्ट, एवढ्यावर सुधारलेली मशीन्स मी पाहिली आहेत.

एसएसडी बसवताना होणारे घोळ

बहुतेक जुन्या मशीनमध्ये खरा फरक इथंच पडतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, तरी वाचणारं टोक योग्य जागी पोचून माहिती हाती यायला साधारण १० मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरता भागच नसतो, माहिती चिपमध्ये असते; तिला त्याच्या साधारण शंभराव्या भागाइतकाच वेळ लागतो. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचल्या जातात, म्हणून हा फरक डोळ्यांना दिसतो. "मदरबोर्डावर जुनं साटा-२ (डिस्क जोडायची संथ, जुनी जोडणी) आहे, मग एसएसडीचा उपयोग काय?" असं म्हणून थांबू नका. सलग मोठी फाईल हलवताना थोडा वेग कमी मिळेल, पण रोजची चपळाई मिळेलच.

एनव्हीएमईच्या (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) मोहात मात्र पडू नका. बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते ती खाच) दिसला म्हणजे तो एनव्हीएमई घेईलच असं नाही. काही स्लॉट फक्त साटा चालवतात. साधारण २०१४ पूर्वीच्या बोर्डांचा बायोस (मशीन चालू करताच आधी जागी होणारी बोर्डातली प्रणाली) तर सहसा एनव्हीएमईवरून मशीन सुरूच करत नाही. अशा मशीनला २.५ इंची साटा एसएसडीच बरी.

विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवणं, ही चूक मी स्वतः केली आहे. इन्स्टॉलरनं विंडोज एसएसडीवर टाकलं, पण बूट करणाऱ्या फायली जुन्या डिस्कवरच ठेवल्या. काही महिन्यांनी ती डिस्क मेली आणि चांगली एसएसडी असूनही मशीन सुरू होईना. म्हणून इन्स्टॉलेशनच्या वेळी फक्त एसएसडी जोडा. जुनी डिस्क नंतर. त्याआधी बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) आहे ना, तेही बघा. विंडोज टाकल्यावर हा मोड बदललात, तर निळा पडदा येऊ शकतो. आलाच तर मोड पूर्ववत करा, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (मोजक्या गरजेच्या गोष्टींसह) सुरू व्हायला सांगा आणि मगच साटाचा मोड बदला.

जुनी डिस्क साठवणीला ठेवणार असाल, तर तिची स्मार्ट माहिती (डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) वाचा. रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयित जागांचा आकडा वाढत असेल, तर घरातले फोटो तिच्या भरवशावर ठेवू नका. आणि बॅकअप? स्क्रू काढण्याआधी, नंतर नाही.

रॅमची घाई

रॅमच्या पिढ्या वेगळ्या असतात: डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, आणि खाचही वेगळ्या जागी. जोर लावून बसवायला जाल तर स्लॉट तुटेल. बोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो, ते मॅन्युअलमध्ये बघा. फार स्वस्त डीडीआर३ पट्ट्यांपैकी काही फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या मशीनला त्या घेतल्या तर पडदा काळाच राहतो. शक्यतो सारख्या दोन पट्ट्या घ्या, म्हणजे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) मिळतं. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच जाते.

रॅम बसवल्यावर काहीच दिसत नसेल, तर बोर्ड गेला असं धरून चालू नका. वीज पूर्ण काढा, एकच पट्टी दोन्ही बाजूंनी 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा, चालू करा, मग दुसरी. तरी नाही, तर सीमॉस रीसेट, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणं. तारीख रोज मागं जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला.

ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस

ग्राफिक्स कार्ड बसतं तो पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंतच वीज देतो. त्यापुढं वेगळी वायर लागते, ६ पिनांची आणखी ७५ वॅट देते. जुन्या एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणारा डबा) ती बऱ्याचदा नसते, आणि कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा आकार किंवा जोडणीच वेगळी निघते, त्यामुळं साधा नवा आणून बसवता येईलच असं नाही. कार्ड मावेल ना, यासाठी कॅबिनेटची उंचीही मोजा. मोलेक्सवरून (जुनी चार पिनांची वीजजोडणी) साटा वीज देणारे साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टर वापरू नका. ते वितळून आग लागण्याचा धोका असतो. नवं कार्ड बसवूनही पडदा कोरा असेल, तर मॉनिटरची केबल बोर्डातच राहिली नाही ना, हे आधी पाहा.

प्रोसेसर बदलायचाच असेल तर सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) जुळणं पुरेसं नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीला एकच एलजीए ११५१ नाव आहे, पण बोर्ड एकमेकांचे चालत नाहीत. बायोस अद्ययावत करायचा असेल तर जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा.

कुठं थांबायचं

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचं मशीन त्यात बसत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून बघा. इन्स्टॉल न करताच कळतं की आपलं काम भागतंय का. भागत असेल तर एसएसडी जरूर घ्या, कारण ती उद्याच्या मशीनमध्येही बसेल. डीडीआर३ रॅम आणि जुन्या सॉकेटचा प्रोसेसर उद्या सोबत येणार नाहीत, त्यामुळं त्यांच्यावर खर्च करायचाच तर टास्क मॅनेजरनं ती कमतरता दाखवली असेल तेव्हाच.