मालिकेतला दडलेला अर्थ शोधताय? मग या चुका टाळा

(पुढे 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेचं रहस्य फुटलंय. पाहायची असेल तर इथेच थांबा.)

प्रतीकं शोधायची चटक लागली की पडद्यावरचा साधा पेलाही संशयित वाटू लागतो. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या राजेरजवाड्यांच्या काळात घडणाऱ्या कल्पनारम्य मालिकेच्या एका प्रसंगात मेजवानीच्या टेबलावर आजच्या काळातला कॉफीचा कप दिसला. तो सेटवर चुकून राहिला होता, नंतर काढूनही टाकला. त्यामुळे एकदाच दिसलेल्या वस्तूवर इमले बांधू नका. ती परत येते का आणि आल्यावर काही बदललेलं असतं का, ते बघा.

उलटंही घडतं म्हणा. 'ट्विन पीक्स'च्या चित्रीकरणात सेटवरचा एक कर्मचारी चुकून आरशात दिसला. दिग्दर्शक डेव्हिड लिंचने तो तसाच ठेवला आणि त्यातून मालिकेतला सगळ्यात भयंकर चेहरा तयार झाला. अपघात होता, पण पुढे तो कथेत मुरवला गेला.

दुसरी खोड म्हणजे रंगांचा शब्दकोश: लाल म्हणजे धोका, गुलाबी म्हणजे निरागसता. 'ब्रेकिंग बॅड'च्या दुसऱ्या सीझनमध्ये, २००९ साली, कृष्णधवल दृश्यांत एकच गुलाबी टेडी दिसतो, अर्धा जळालेला. निरागसता म्हणून पुढे गेलात तर हाती काहीच लागत नाही. सीझन संपताना कळतं, टेडी विमान अपघातातला आहे. मालिकेचा नायक वॉल्टर, कर्करोग झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागलेला शिक्षक. त्याने आपल्या साथीदाराची मैत्रीण जेन हिला डोळ्यांदेखत मरू दिलं. तिचे वडील हवाई वाहतूक नियंत्रक, दुःखात त्यांच्या हातून चूक झाली आणि दोन विमानं धडकली. टेडी आकाशातून पडला तो थेट वॉल्टरच्या पोहण्याच्या तलावात. त्याचा निखळलेला डोळा वॉल्टर पुढे जवळ बाळगतो. अर्थ रंगात नव्हता, कोणाच्या कृतीमुळे काय घडलं या साखळीत होता.

पात्रांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्यांच्या तोंडच्या वाक्यांवर विश्वास. वॉल्टर सतत सांगतो, 'हे सगळं कुटुंबासाठी.' पण २००८ च्या पहिल्याच सीझनमध्ये जुने मित्र उपचाराचा खर्च उचलायला तयार असतात आणि तो नकार देतो. तिथेच अहंकार उघडा पडला. त्याची कबुली मात्र २०१३ च्या शेवटच्या भागात येते. मीही पहिल्यांदा पाहताना त्या नकाराला स्वाभिमान समजून बसलो होतो!

दुःखद भूतकाळ दिसला की पात्र 'खोल' ठरवायचीही घाई नको. भूतकाळ कारण देतो. खोली दिसते ती निवड करताना.

अडलात तर एखादा महत्त्वाचा प्रसंग आवाज बंद करून बघा. संवाद गेले की कोण कोणाकडे पाहायचं टाळतंय, दार कोण अडवून उभं आहे, हे दिसू लागतं. दीडपट वेगाने पाहणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.